सीमेवरच्या बायकांना कुणी विचारलं?

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यात, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या एका पाड्यावर बचत गटाची बैठक होती. आम्ही आठ-दहा जणी अंगणात बसलो होतो. विषय होता कर्जाच्या हप्त्यांचा. पण त्या दिवशी हप्त्यांवर बोलायला कुणीच तयार नव्हतं. सीमेलगतच्या काही गावांनी ‘आम्हाला गुजरातमध्ये सामील करा’ अशी मागणी केली होती. निवेदनं गेली होती, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या होत्या. एरवी ज्या रस्त्यानं एस.टी. वेळेवर येत नाही, त्या रस्त्यानं साहेबांच्या गाड्या येऊ लागल्या होत्या. पुरुष मंडळी घोळक्यानं उभी राहून त्यावरच बोलत होती.

मी बायकांना विचारलं, “तुम्हाला काय वाटतं? जायचं का गुजरातेत?”

सगळ्या हसल्या. मग एक म्हातारी म्हणाली, “आम्हाला कुठं कोण विचारतंय, ताई? तिकडं गेलो तरी हंडा माझ्याच डोकीवर ना?”

तिच्या शेजारी बसलेली तरुण सून इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “माझं माहेर गुजरातेतलंच आहे. इकडं काय आहे, तिकडं काय आहे, मला दोन्ही ठाऊक. पण आमच्या घरात पण मला कुणी विचारलं नाही.”

तिचं हे बोलणं माझ्या मनातून गेलेलं नाही. दोन राज्यांच्या सीमेचा प्रश्न त्या महिन्यात पार दिल्लीपर्यंत गाजत होता. आणि त्या पाड्यावर दोन्ही राज्यांत राहून आलेली बाई तिच्या स्वतःच्या घरातही बिनविचारलेली होती.

आधी त्या महिन्यात काय काय झालं ते आठवू. सुरगाण्याच्या बातम्या येत होत्या, कारण दक्षिणेला बेळगावचा प्रश्न पुन्हा पेटला होता. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रानं चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई या दोन मंत्र्यांना सीमाप्रश्नाचे समन्वयक नेमलं. त्यावर कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या चाळीस गावांची आठवण काढली. पाणी मिळत नाही म्हणून त्या गावांनी २०१२ साली कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. पाठोपाठ अक्कलकोट-सोलापूरचं नाव निघालं. कर्नाटकनं तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी जतच्या बाजूला सोडून दाखवलं. इकडे महाराष्ट्रानं जतसाठी म्हैसाळ योजनेच्या विस्ताराच्या घोषणा केल्या. मंत्र्यांचा बेळगाव दौरा जाहीर झाला, पुढे ढकलला गेला आणि शेवटी झालाच नाही. ६ डिसेंबरला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली. एस.टी. गाड्या थांबल्या. शरद पवारांनी अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली. मग १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कुणी कुणाच्या भूभागावर दावा सांगायचा नाही आणि दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांनी बसून रोजचे प्रश्न सोडवायचे, असं ठरलं. आठवडाभरातच, २२ डिसेंबरला कर्नाटक विधिमंडळानं ‘एक इंचही देणार नाही’ असा ठराव केला. २७ डिसेंबरला महाराष्ट्रानं ८६५ गावांची इंच न् इंच जमीन मिळवण्याचा ठराव केला.

हे सगळं मी मुद्दाम क्रमानं लिहिलं. प्रत्यक्ष बोलणी एका दिवसाची. त्याच्या आधीचे आणि नंतरचे डावपेच मात्र महिनाभर. कुणाचं गाव पुढे सरकवायचं, कुणाचं पाणी सोडायचं, कुणी कुठे जायचं आणि कुठे जाणार म्हणून नुसतं सांगायचं, हे सगळं टेबलावर बसण्याआधी आपली बाजू जड करण्यासाठी. जतची गावं दहा वर्षं तहानलेली होती. ती तहान कुणालाच दिसत नव्हती. वाटाघाटींच्या पटावर तिचा उपयोग आहे असं लक्षात आलं आणि ती दोन्ही राज्यांना एकाच आठवड्यात दिसली.

सुरगाण्याच्या गावांनीही हे ओळखलं. राज्य सोडतो म्हटलं की सरकार धावत येतं, हे त्यांनी जतकडे पाहून जाणलं. मी त्यांना दोष देत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. नार-पारचं पाणी पश्चिमेला गुजरातकडे वाहून जातं. आणि मार्चनंतर बायका डोंगर उतरून झऱ्याशी रांगा लावतात. १ मे १९६० ला मुंबई राज्याची वाटणी झाली, शेजारचा डांग गुजरातेत गेला आणि सुरगाणा महाराष्ट्रात राहिला. तेव्हाही विहिरीवरच्या बाईला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

आता बेळगावकडे वळू. माझ्या पिढीतल्या अनेक मैत्रिणींना हा प्रश्न म्हणजे निवडणुकीच्या आधी येणारा आवाज वाटतो. तसं म्हणून सोडून देणं अन्यायाचं होईल. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव, कारवार, निपाणीचा मराठी भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता या तत्त्वांवर मुंबई सरकारनं १९५७ साली फेरविचाराची मागणी केली. १९६० मध्ये दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींची चार जणांची समिती झाली. तिचं एकमत झालं नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. ऑगस्ट १९६७ च्या अहवालात त्यांनी २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं म्हैसूरला द्यावीत असं सुचवलं, पण बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवलं. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध मोठं आंदोलन झालं. पुढे आमच्या जिल्ह्यातल्या येवल्यातून निवडून येणारे छगन भुजबळ तेव्हा वेषांतर करून बेळगावात शिरले होते. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. तो दावा अजून निकाली निघालेला नाही.

या इतिहासात बायका नाहीत असं नाही. जानेवारी १९५६ मध्ये बेळगाव-निपाणी भागात गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांत निपाणीच्या कमळाबाई मोहिते यांचं नाव आहे. मोर्चात बायका होत्या, तुरुंगात होत्या, गोळी खायलाही होत्या. पण चार जणांची समिती, आयोग, मुख्यमंत्र्यांच्या भेटी, शिष्टमंडळं यांच्या याद्या पाहा. रस्त्यावरची बाई आणि टेबलावरचा पुरुष ही वाटणी साठ-पासष्ट वर्षांत फारशी बदललेली नाही. १४ डिसेंबर २०२२ ला दिल्लीत बोलणी झाली, त्या दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळात एकही स्त्री नव्हती. कर्नाटकात एकच होती, शशिकला जोल्ले, आणि त्या नेमक्या निपाणीच्या आमदार. म्हणजे दोन राज्यांच्या दोन मंत्रिमंडळांत मिळून एक बाई होती, ती सीमाभागातलीच होती, आणि त्या दिवशी दिल्लीत मुख्यमंत्र्यांबरोबर चर्चेला बसलेले सगळे पुरुष होते.

कुणी म्हणेल, बाई बसली असती तर काय वेगळं झालं असतं? हा प्रश्न रास्त आहे. खुर्चीत बाई बसली की आपोआप बायकांचे प्रश्न येतात, असा भाबडेपणा आता चळवळीत कुणाचा उरलेला नाही. मी वेगळं म्हणते आहे. सीमेवर बायकांचं जगणं कसं चालतं ते ठाऊक असलेलं कुणी तिथं असतं, तर बोलण्याची यादीच वेगळी झाली असती. त्या यादीत काय असतं, ते माझ्या कामातल्या अनुभवावरून सांगते.

पहिलं, लग्न. सीमा ओलांडून कायमचं राहायला जाण्याची पाळी सगळ्यांत जास्त कुणावर येते? नवऱ्या मुलीवर. सुरगाण्याची मुलगी डांगात जाते, तिकडची इकडे येते. निपाणीची मुलगी कागलला, जतची विजापूरला. भाषा, पाहुणे, देव दोन्हीकडे सारखेच. पण आदिवासी मुलीच्या जातीच्या दाखल्याचं काय? सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये सांगितलं की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसाला अनुसूचित जाती-जमातीचे राखीव जागांचे हक्क नव्या राज्यात आपोआप मिळत नाहीत. लग्नामुळे दुसऱ्या राज्यात गेलेल्या स्त्रीलाही हाच नियम लागू, असं २०१८ च्या निकालात स्पष्ट झालं. जन्मगावी राहणाऱ्या नवऱ्याला हा प्रश्न कधी पडतच नाही. सासरी आलेली त्याची बायको अंगणवाडी सेविकेच्या किंवा परिचारिकेच्या राखीव जागेसाठी कागद काढायला गेली की तिला कळतं, की लग्नाच्या दिवशी आपण नुसतं माहेर सोडलेलं नाही, एक हक्कही मागे ठेवून आलो आहोत.

दुसरं, बाळंतपण. आमच्या काही पाड्यांना गुजरातचा दवाखाना जवळ पडतो. रात्री कळा सुरू झाल्या की बाई जवळ असेल तिकडे जाते, नकाशा बघत नाही. वर सांगितलेल्या त्या तरुण सुनेचं पहिलं बाळंतपण तसंच झालं. नंतर तिच्या अनुदानाचे कागद एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरत राहिले. ‘बाळंतपण आमच्याकडे झालेलं नाही’ असं इकडचे म्हणाले, ‘बाई आमच्याकडची नाही’ असं तिकडचे. मी स्वतः तिच्याबरोबर चार खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला तिची एक दिवसाची मजुरी बुडाली. शेवटी ती म्हणाली, “राहू द्या ताई, मूल चांगलं आहे ना.” माझ्या शिक्षणात ‘केस बंद झाली’ असं लिहायला शिकवलं होतं. त्या दिवशी मला ते लिहवलं नाही.

तिसरं, मारझोड. सीमेपलीकडच्या सासरहून मार खाऊन परतलेल्या मुलीला ‘गुन्हा तिकडे घडला, तिकडे जा’ असं सांगून परत पाठवण्याची सवय फार जुनी. खरं तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानुसार ती जिथे राहते तिथे, अगदी तात्पुरती राहत असली तरी, अर्ज करू शकते. सासरच्या छळाची तक्रार आसरा घेतलेल्या माहेरच्या गावीही करता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१९ चा निकाल आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी पोलिसांनी तो नोंदवून घ्यायचा आहे. कायदा आहे. दोन राज्यांच्या पोलिसांनी एकमेकांशी बोलायचं कसं, हे मात्र कुणी ठरवलेलं नाही. दिल्लीतल्या बैठकीत वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली समिती ठरली ती कायदा-सुव्यवस्थेसाठी, म्हणजे दंगा होऊ नये म्हणून. घरातला दंगा तिच्या कक्षेत येत नाही.

चौथं, म्हैसाळ. डिसेंबर २०२२ मध्ये हे नाव पाण्याच्या योजनेसाठी रोज छापून येत होतं. मला दुसरं म्हैसाळ आठवत होतं. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या याच गावात ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले. एका तरुण विवाहितेचा गर्भपातात मृत्यू झाला, त्याच्या तपासातून हे उघड झालं. धागेदोरे कर्नाटकात कागवाड, विजापूरपर्यंत पोचले आणि तिथल्या डॉक्टरांनाही अटक झाली. दोन राज्यांची सरकारं भांडत असताना गर्भातल्या मुली मारणाऱ्यांची मात्र सीमेपलीकडे उत्तम हातमिळवणी होती. गर्भलिंग तपासणीविरुद्ध दोन्ही राज्यांचं संयुक्त पथक हवं, ही मागणी त्या महिन्याभराच्या वादात कुठल्याही बाजूच्या नेत्यानं केल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

पाचवं, देवदासी. सौंदत्तीची यल्लम्मा बेळगाव जिल्ह्यात, आणि तिचे भक्त दोन्ही राज्यांत. कर्नाटकनं देवदासी प्रथाबंदीचा कायदा १९८२ साली केला, महाराष्ट्रानं आपला नवा कायदा २००५ चा केला. मुलगी एका राज्यातली, देवीला सोडली दुसऱ्या राज्यात, आणि शेवटी पोचली तिसऱ्याच शहरातल्या वस्तीत. तिचं पुनर्वसन कोणत्या राज्यानं करायचं? निपाणी-गडहिंग्लज पट्ट्यातल्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न सीमा न मानता हाताळला. सरकारांनी मात्र तो कधी सीमाप्रश्न मानलाच नाही.

यावर बेळगावच्या मराठी मैत्रिणी मला म्हणतील, ‘तुम्ही नाशकात बसून आमच्या भाषेच्या प्रश्नाला पाण्याच्या हंड्यात बुडवता.’ तसं नाही. भाषा हा बाईचाही प्रश्न आहे, कदाचित जास्तच. शिकलेला, चार गावं फिरलेला पुरुष दोन भाषांत निभावून नेतो. घराबाहेर कमी पडलेली बाई रेशनचा फॉर्म, सातबारा, कोर्टाची नोटीस वाचता येत नसली की कुणाच्या तरी दयेवर जाते. तिच्या भाषेत कागद मिळणं हा तिचा हक्क आहे. अक्कलकोट-जतमधल्या कन्नड बोलणाऱ्या बाईचाही तेवढाच हक्क आहे, आणि हे आपण महाराष्ट्रात राहून आधी मोठ्यानं म्हटलं पाहिजे. माझी तक्रार भाषेच्या हक्काबद्दल नाही. त्या हक्काचं नाव घेऊन बायकांच्या जगण्याची फरफट केली जाते, त्याबद्दल आहे. २०२३ साली महाराष्ट्रानं ८६५ गावांत आपली आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, तर तो आमच्या राज्यात हस्तक्षेप आहे म्हणून कर्नाटकनं विरोध केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेवरून बसवाहकाला मारहाण झाली, चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या बसचालकाला काळं फासलं गेलं, आणि पुन्हा गाड्या बंद. मोटारसायकल नसलेल्या, एस.टी.वरच अवलंबून असलेल्या माणसांत बायका किती असतात ते तुम्हीच मोजा.

जगात इतरत्र असं वेगळं घडलं आहे का? पश्चिम आफ्रिकेतलं एक उदाहरण मला फार धीर देतं. गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया हे मानो नदीच्या खोऱ्यातले तीन शेजारी देश. २००० च्या सुमारास तिघांच्या सीमांवर बंडखोर टोळ्या, जळालेली गावं, निर्वासितांचे लोंढे. प्रत्येक देशाचा आरोप की शेजारी आमच्या बंडखोरांना पोसतो. मार्च २००१ मध्ये लायबेरियानं दोन्ही शेजाऱ्यांच्या राजदूतांना हाकलून दिलं. गिनीचे अध्यक्ष लान्साना कॉन्टे लायबेरियाच्या चार्ल्स टेलर यांच्याबरोबर एका खोलीत बसायला तयार नव्हते. बोलण्याआधीचे डावपेच म्हणाल तर आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी भयंकर, कारण तिथे दगडांऐवजी बंदुका होत्या.

तिन्ही देशांतल्या बायकांनी २००० साली ‘मानो रिव्हर विमेन्स पीस नेटवर्क’ उभं केलं होतं. त्या आधी टेलरना भेटल्या, मग कॉन्टेंकडे गेल्या. त्यांच्यात लायबेरियाच्या मेरी ब्राऊनेल होत्या, पेशानं शिक्षिका. तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडून, शहाणपण सुचेपर्यंत किल्लीवर मी स्वतः बसून राहीन, असं त्यांनी अध्यक्षांना तोंडावर सुनावलं. असं बोलायची हिंमत एखाद्या पुरुषाला झाली नसती, असं म्हणून कॉन्टे हसले आणि भेटीला तयार झाले. फेब्रुवारी २००२ मध्ये मोरोक्कोत राबात इथे तिन्ही अध्यक्ष एकत्र बसले. त्या भेटीनं युद्ध संपलं असं मी सांगणार नाही. लायबेरियातली लढाई २००३ पर्यंत चालली. पण ऑगस्ट २००३ मध्ये घानाची राजधानी आक्रा इथे शांततेचा करार झाला तेव्हा त्यावर साक्षीदार म्हणून या बायकांच्या संघटनेची सही होती. त्याच वर्षी त्यांना संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार मिळाला.

मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की त्या तिन्ही देशांच्या होत्या आणि एकत्र गेल्या. लायबेरियाची बाई गिनीच्या अध्यक्षासमोर उभी राहिली. आपल्याकडे हे का होऊ नये? बेळगावची मराठी बाई आणि तिची कन्नड शेजारीण मिळून दोन्ही मुख्यमंत्र्यांकडे का जाऊ नयेत? सुरगाण्याच्या आणि डांगच्या बायका एकच निवेदन घेऊन नाशिक आणि आहवा, दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे का जाऊ नयेत?

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. सीमाप्रश्नावरच्या कोणत्याही मंत्रिसमितीबरोबर सीमेवरच्या ग्रामपंचायतींतल्या स्त्री सदस्यांचं सल्लागार मंडळ असावं. दोन्हीकडे अर्ध्या जागा स्त्रियांच्या आहेत, तेव्हा बाई मिळत नाही ही सबब चालणार नाही. बाळंतपण, रेशन, दाखले आणि पोलीस तक्रार यांसाठी सीमेवरच्या तालुक्यांत दोन्ही राज्यांची संयुक्त खिडकी असावी. त्यासाठी कोर्टाच्या निकालाची वाट पाहण्याचं कारण नाही. तणावाच्या काळातही बस आणि रुग्णवाहिका बंद होणार नाहीत, असा लेखी करार व्हावा. आणि गर्भलिंग तपासणीविरुद्ध दोन्ही राज्यांनी एकत्र पथक नेमावं.

त्या पाड्यावर यंदाही गटाची बैठक झाली. ती तरुण सून आता गटाची सचिव आहे. तिच्या अनुदानाचे कागद माझ्या पिशवीत अजून आहेत. पुढच्या महिन्यात आम्ही दोघी आधी इकडच्या आणि मग तिकडच्या तहसील कचेरीत जाणार आहोत, आणि या वेळी डांगमधल्या तिच्या माहेरच्या चार बायका बरोबर येणार आहेत. निपाणी, खानापूर, जत, चंदगड, अक्कलकोटच्या वाचक मैत्रिणींनो, तुमच्याकडे असे कोणते कागद अडकले आहेत ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकापर्यंत आपली यादी तरी तयार होऊ दे.